शेवटच्या रिळात मेविस

आमच्या नर्सिंग होममध्ये प्रत्येक शिफ्टच्या शेवटी हॅन्डओव्हर असतो. कोणी किती खाल्लं, कोणाचं पोट साफ झालं, कोणाची गोळी बदलली, कोण पडलं, सगळं कम्प्युटरमध्ये भरायचं. एकेका गोष्टीला एकेक रकाना! पण हसून हसून आमचं पोट दुखलं, त्याला रकाना नाही. मग ते किस्से टी-रूममध्ये साठत जातात. वर्षातून एकदा टी-रूमचं कपाट आवरायला काढतो आम्ही, पण किस्से आवरायला घेतले तर वाढतातच.

मी मर्सी, वसईची. इकडे ऑस्ट्रेलियात, वेस्टमीडच्या जवळ एका होममध्ये केअरर आहे. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, फिरवायचं, आणि मधूनमधून त्यांच्या शिव्या खायच्या. माझी जोडीदारीण वैशाली, पुण्याची. ती नर्स. म्हणजे गोळ्या-इंजेक्शनं तिच्याकडे. आमची मॅनेजर ब्रेंडा, मनाने चांगली, पण फॉर्म भरल्याशिवाय शिंकणारसुद्धा नाही!

आणि सात नंबरच्या खोलीत आमची मेविस. वय पंच्याण्णव. मूळची वॉलॉंगॉंगची, बाप पोर्ट केंब्लाच्या पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर. तरुणपणी ही हॉलिवूडमध्ये सिनेनटी होती. निदान ती तसं म्हणायची! आणि आम्ही सगळे "हो हो मेविस" म्हणून तिची उशी सारखी करायचो.

* * *

वैशाली नवीन लागली तेव्हाची गोष्ट. चौथ्या दिवशी ती धावत माझ्याकडे आली. "मर्सी, सात नंबरला स्ट्रोक झालाय! तिला उजव्या बाजूचं भानच नाहीये!"

झालं होतं असं, की उजवीकडून कोणी बोललं तर मेविस ऐकूच आलं नाही असं करायची. समोर उभं राहिलं तर मान वळवून डावा गाल पुढे. जेवणाच्या टेबलावर तिची खुर्ची ठरलेली, खिडकीचा उजेड डाव्या गालावर पडला पाहिजे. आता स्ट्रोकनंतर काही माणसांना एक बाजू उरतच नाही, ताटातलं अर्धंच जेवतात. वैशाली हुशार पोरगी. तिने बरोब्बर ओळखलं!

डॉक्टरला फोन झाला. ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये मेंदूचा स्कॅन झाला. स्कॅनवाल्यालाही मेविसने सांगितलं म्हणे, "डावीकडून घे."

दुपारी रिपोर्ट आला, मेंदू एकदम ठणठणीत. वैशालीचा चेहरा एवढासा झाला. ती मेविसच्या समोर जाऊन उभी राहिली, "मग तुम्ही उजवीकडे बघत का नाही हो?"

मेविस म्हणाली, "डार्लिंग, माझी उजवी बाजू स्टुडिओने कधी विकत घेतलीच नव्हती. मग ती फुकट कशाला दाखवू?"

* * *

आता हे ऐकल्यावर ब्रेंडाला वाटलं, शहानिशा करून टाकू. तिने मेविसला विचारलं, "सिनेमात तुझं नाव काय होतं?"

"सेलेस्ट मोरॅन."

"मेविस का नाही?"

"स्टुडिओचा साहेब म्हणाला, मेविस नावाची बाई अंडी विकते, सेलेस्ट नावाची बाई काळजाचे तुकडे करते. मी म्हटलं, माझी आई खरंच अंडी विकते. तर म्हणाला, हे बाहेर कोणाला सांगू नकोस!"

ब्रेंडाने इंटरनेटवर शोधलं. सेलेस्ट मोरॅन सापडली! फोटो एकच, तोही बोर्नव्हिटात बुडवून काढल्यासारखा. आणि खाली माहिती काय, तर फ्रेंच अभिनेत्री, जन्म पॅरिस.

ब्रेंडा मला हळूच म्हणाली, "बिचारी! दुसऱ्याच बाईचं आयुष्य स्वतःचं समजते." आणि फाइलमध्ये टाइप केलं. आपण सिनेनटी होतो असा समज, गोंधळलेली अवस्था.

मी मेविसला जाऊन सांगितलं. एवढी हसली, एवढी हसली, की दात काढून ठेवावे लागले. "पॅरिस! अगं, तो पब्लिसिटीवाल्याचा उद्योग! वॉलॉंगॉंग त्याला उच्चारताच येईना. माझ्यामागे फ्रेंच शिकवायला एक मास्तरीण लावली होती. तीन महिन्यांनी ती माझ्यासारखी बोलायला लागली, तेव्हा तिला काढून टाकलं!"

पुरावा म्हणून दाखवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. फोटोंची ट्रंक घर बदलताना हरवली. नवरा बस चालवायचा, तो जाऊन वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. मी विचारलं, "मग तुम्हाला राग नाही येत, कोणी विश्वास ठेवत नाही त्याचा?"

तिने काढून ठेवलेले दात परत बसवले. मग म्हणाली, "येतो ना. रोज सकाळी येतो." तेव्हा ती हसत नव्हती. मला माझीच लाज वाटली, कारण मीसुद्धा उशाच सारख्या करत होते की!

* * *

आमच्याकडे शुक्रवारी पाव्हलोव्हा केक असतो. अंड्याच्या पांढऱ्याचा, साखरेने ठासून भरलेला, वर क्रीम आणि फळं. मेविसची शुगर जास्त, म्हणून वैशालीचा हुकूम, एकच तुकडा.

एका शुक्रवारी मेविसने दुसरा मागितला. वैशाली नाही म्हणाली. मेविस नुसती कुककडे बघत राहिली आणि तिच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला. एकच! गालाच्या हाडापर्यंत आला आणि थांबला. कुक सहा फुटी गडी, हातावर गोंदवलेलं, तो म्हणाला, "नो वरीज, मेविस," आणि अर्धा पाव्हलोव्हा तिच्या पुढ्यात!

वैशाली तावातावाने म्हणाली, "हे खोटं रडणं आहे!"

"खोटं?" मेविस म्हणाली. "डायरेक्टर सांगायचा, अश्रू हाडापर्यंतच, पुढे गेला तर मेकअप बिघडतो. डाव्या डोळ्यातून हवाय की उजव्या, ते आधी सांगायचं!"

वैशालीच्या डोक्यात किडा वळवळला. तिला भावाच्या लग्नाला तीन आठवडे पुण्याला जायचं होतं आणि नवरा म्हणत होता दहा दिवस पुरेत. तिने मेविसकडे रीतसर शिकवणी लावली. आठवडाभर ब्रेकमध्ये दोघी समोरासमोर बसून डोळे ताणत होत्या. शेवटी एका शनिवारी, ब्लॅकटाउनला त्यांच्या घरी, नवरा लॅपटॉपवर असताना हिने त्याच्यासमोर उभं राहून प्रयोग केला.

सोमवारी मी विचारलं, "काय गं, रडलीस?"

"रडले ना! दोन्ही डोळ्यांतून आलं, नाकातून पण आलं!"

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, सर्दी झालीय का, गोळी घे!"

* * *

हा किस्सा सांगताना मला अजून राग येतो, आधीच सांगते.

सकाळी सातला मी चहा घेऊन सात नंबरमध्ये गेले. मेविस पलंगावर आडवी. डोकं कडेला कललेलं, एक हात खाली लोंबतोय, डोळे अर्धे उघडे. हाक मारली, काही नाही. हलवलं, काही नाही. माझ्या हातून कप सुटला. मी भिंतीवरचं लाल बटण दाबलं आणि "जेजू, मरिये" म्हणत मटकन खाली बसले. वैशाली ऑक्सिजन घेऊन धावली, ब्रेंडा धावली, समोरच्या खोलीतला म्हातारा वॉकर घेऊन धावला!

वैशालीने नाडी बघायला हात उचलला, तर मेविसने एक डोळा उघडला.

"किती सेकंद झाले?"

मी तिला तेव्हा जे काही सुनावलं ते सगळं वसईच्या मराठीत! इंग्रजीत एवढे शब्दच नाहीत हो! "मेले, माझा जीव घेतेस काय? लाज नाही वाटत या वयात?" पंच्याण्णव वर्षांच्या बाईला मेले म्हटलं मी!

ती शांतपणे ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "मला एक शब्द कळला नाही, पण डिलिव्हरी फार छान!"

नंतर तिने मला पलंगावर बसवून घेतलं. तिच्या नऊ पिक्चरमध्ये ती नऊ वेळा मेली होती. कधी तापाने, कधी गोळी लागून, एकदा घोड्यावरून पडून. हिरॉईनची मैत्रीण, नाहीतर हिरोची आधीची बायको. शेवटच्या रिळाच्या आधी हिला मारायचंच, म्हणजे हिरो-हिरॉईनचं लग्न लावता येतं! सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि सात वर्षांत शेवटच्या सीनला ही एकदाही जिवंत नाही. म्हणाली, "मर्सी, मी मरण्यात एक्सपर्ट आहे. पण मला एकदा शेवटपर्यंत राहायचं होतं. शेवटचा क्लोजअप माझा. बस, एवढंच हवं होतं."

ब्रेंडाने फाइलमध्ये आणखी एक ओळ टाकली. मृत असल्याचा अभिनय करते.

* * *

आणि मग मेविस खरंच पडली. बाथरूमच्या दारात, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन आठवड्यांनी परत आली ती व्हीलचेअरवर. अर्धी झाली होती बिचारी. बोलणं कमी, डावा गालसुद्धा दाखवेना.

ब्रेंडाने मला आणि वैशालीला ऑफिसात बोलावलं. म्हणाली, बाहेरून एक डॉक्टर येईल, मेविसला तपासेल. सहा आठवडे आहेत. तोवर ती स्वतःच्या पायावर चालली नाही आणि डोक्याचा हा गोंधळ असाच राहिला, तर तिला वरच्या मजल्यावर हलवायचं.

वरचा मजला म्हणजे विसरभोळ्यांचा वॉर्ड. दाराला कोड. खिडक्या चार बोटं उघडतात. सात नंबरला बागेत जायचं स्वतःचं दार होतं, सकाळचं ऊन थेट पलंगावर. मी म्हटलं, "ब्रेंडा, वर ती महिनाभरात खरीच मरेल."

ब्रेंडा म्हणाली, "मला आवडतंय का हे, मर्सी? पण फाइल बघ ना!"

चालवायचं काम फिजिओ हरप्रीतचं. जालंधरची, आवाज असा की वॉलॉंगॉंगपर्यंत जावा. ती रोज म्हणायची, "वन, टू, थ्री, अप!" मेविस हलायचीच नाही. हरप्रीत थकून मला म्हणायची, "यार, ये तो हिलती ही नहीं!"

दुसऱ्या आठवड्यात हरप्रीतने जमिनीवर निळी पट्टी चिकटवली, वॉकर कुठे ठेवायचा ते कळावं म्हणून. मेविसची नजर त्या पट्टीवर गेली. मान ताठ झाली.

"हा मार्क कोणाचा?"

हरप्रीतला कळेना. पण मला मेविसने कधीतरी सांगितलं होतं. शूटिंगला जमिनीवर खूण करतात, नटाने चालत येऊन तिथेच थांबायचं, खाली न बघता. एक इंच चुकला तर चेहरा उजेडाबाहेर. मी म्हटलं, "तुमचाच आहे."

"मग ॲक्शन कोण म्हणणार?"

मी वैशालीकडे बघितलं, वैशाली माझ्याकडे. मी घसा साफ केला आणि ओरडले, "ॲक्शन!"

आणि बाई उठली हो! वॉकर धरला, हनुवटी वर, एक, दोन, तीन, चार पावलं. खाली एकदाही बघितलं नाही. चपलांची टोकं बरोब्बर पट्टीवर! मी आणि वैशालीने एकमेकींना मिठी मारली. हरप्रीत ओरडली, "चल पडी! चल पडी!" आणि तिघी कॉरिडॉरमध्ये धावलो ब्रेंडाला सांगायला. ब्रेंडा फोनवर होती. थांबलो, सांगितलं, तिला घेऊन परत आलो.

मेविस पट्टीवर तशीच उभी. हनुवटी वर, पाय लटलट कापतायत, चेहऱ्यावर तेच हसू.

"अगंबाई, तुम्ही बसला का नाही?"

ओठ न हलवता ती म्हणाली, "कट कोणी म्हणालंच नाही!"

* * *

चालायचं जमायला लागलं. पण डोक्याचं काय? आता मला ती खरं बोलते याची खात्री होती, पण माझ्या खात्रीला फाइलमध्ये कोण विचारतो?

माझे पप्पा वसईला असतात. वय शहाऐंशी. रोज माझ्या दुपारच्या ब्रेकला, म्हणजे त्यांच्या सकाळी, व्हिडिओ कॉल. पप्पा चाळीस वर्षं मुंबईत एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे केबिनमध्ये मशीनवर पिक्चर चालवायचे. हे मला जन्मापासून माहीत. आणि मेविसबद्दल त्यांना विचारावं हे मला सहा वर्षांत सुचलं नाही! घरी मेविसचं सांगत होते तर माझी पोरगी म्हणाली, "ममा, सीरियसली? आजोबांना विचार ना!" तेव्हा सुचलं.

मी विचारलं, "पप्पा, सेलेस्ट मोरॅन म्हणून कोणी आठवते?"

पप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "कुठली गो? जहाजावर मरते ती?"

मी म्हटलं, "पप्पा, उद्या याच वेळेला फोनवर बसा. आणि शर्ट घाला!"

दुसऱ्या दिवशी मी ब्रेंडाला हाताला धरून सात नंबरमध्ये आणलं. टॅबलेट लावला. पप्पा पडद्यावर आले, तर आईने त्यांना चर्चमध्ये मिस्साला जायचा कोट घातलेला! त्यांनी मेविसला नीट न्याहाळलं. मेविसने अर्थातच डावा गाल पुढे केला.

आता पप्पांचं इंग्रजी म्हणजे थँक्यू आणि गुड मॉर्निंग. पण तो जहाजाचा पिक्चर त्यांच्या टॉकीजमध्ये सहा आठवडे चालला होता, रोज तीन खेळ. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. त्यामुळे प्रत्येक रिळाची शेवटची दोन मिनिटं ऑपरेटर डोळे फाडून बघतो. अर्थ न कळता पप्पांना ती दोन मिनिटं शब्दान् शब्द पाठ!

पप्पा ताठ बसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डोन्ट स्पीक, माय चाइल्ड. द डॉक्टर इज कमिंग."

मेविसचा हात माझ्या हातात होता. तिने तो सोडवून घेतला. मग तिचं डोकं हळूच उशीवर कललं आणि ती म्हणाली, "टेल हेन्री... आय वेटेड."

"चेंजओव्हर!" म्हणत पप्पांनी तिकडे वसईत हवेतच मशीनचा खटका ओढला!

ब्रेंडाने खुर्ची ओढून टॅबलेटजवळ घेतली. मी रडत होते, वैशालीही रडत होती, यावेळी सर्दी नव्हती. मेविस टॅबलेटला हात लावून म्हणाली, "तुम्ही मला पाहिलंत. तुम्ही खरंच मला पाहिलंत." ते मी पप्पांना मराठीत सांगितलं. पप्पांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मर्सी, तिला एक गोष्ट विचार गो. माझ्या डोक्यात पासष्ट वर्षं अडकलीय. ती मेल्यावर मी आधीचं रीळ गुंडाळायला पाठ फिरवायचो, प्रत्येक खेळाला. तो हेन्री शेवटी येतो की नाय?"

मी मेविसला विचारलं.

ती म्हणाली, "मला काय माहीत? मी मेले होते! मी त्या दिवशी पगार घेतला आणि घरी गेले!"

* * *

ब्रेंडा मला बाहेर घेऊन म्हणाली, "माझा विश्वास बसला, मर्सी. पण निकाल माझ्या हातात नाही. डॉक्टर गुरुवारी येतेय. आणि नियम आहे, तपासणी चालू असताना स्टाफने एक शब्द बोलायचा नाही."

"ॲक्शनपण नाही?"

"एक शब्दसुद्धा नाही."

गुरुवारी सकाळी मी मेविसला निळा ड्रेस घातला, लिपस्टिक लावली. तिने आरशात डावा गाल बघून घेतला. म्हणाली, "मर्सी, हे कितवं रीळ?"

मी म्हटलं, "शेवटचं."

"मी आहे त्यात?"

"आहात हो. तुम्हीच आहात."

डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर सुरकुती नाही की हसू नाही. हातात टॅबलेट. आम्ही सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या, मी, वैशाली, हरप्रीत, ब्रेंडा. मी तोंडावर हात धरला होता. माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही!

"तुमचं नाव?"

"कुठलं सांगू?" मेविस म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी टाइप केलं.

"मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. पाच मिनिटांनी विचारीन. सायकल, लिंबू, खिडकी."

मग आजचा वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मेविस बरी उत्तरं देत होती, पण बारीक आवाजात. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तुमच्या वेळेने उठा आणि त्या पट्टीपर्यंत चालून दाखवा."

मेविस हलली नाही.

ती माझ्याकडे बघत होती. मी नखं तळव्यात रुतवली. हरप्रीत पुटपुटत होती, "वाहेगुरू, वाहेगुरू." एक मिनिट गेलं. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं, टॅबलेट उचलला, बोट टेकवलं. ब्रेंडाने डोळे मिटले.

आणि मेविस बोलली. मोठ्याने, खणखणीत, वॉलॉंगॉंगच्या अस्सल आवाजात.

"ॲक्शन!"

स्वतःच म्हणाली! आणि उठली. वॉकर धरला, हनुवटी वर, एक, दोन, तीन, चार. पट्टी आली. ती थांबली नाही! पट्टी ओलांडून पुढे. हरप्रीत पकडायला झेपावली, मी तिचा दंड धरला. मेविस बागेच्या दारापर्यंत गेली, एका हाताने दार ढकललं, बाहेरच्या उन्हात जाऊन उभी राहिली आणि वळली. सरळ आमच्याकडे. पूर्ण चेहरा, उजवा गालसुद्धा!

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

मेविसने त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "सायकल." जणू कोणीतरी त्या सायकलवरून गेलं होतं आणि परत आलं नव्हतं. मग, "लिंबू." ते म्हणताना हसली, असं की आम्ही सगळ्या हसलो. मग खूप वेळ थांबली. डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला, हाडापर्यंत आला, थांबला.

"खिडकी."

ब्रेंडा हुंदके देत होती. मेविस उन्हात तशीच उभी, पाय लटलटायला लागले होते, आणि आम्हाला तर बोलायची बंदी!

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच टॅबलेट खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "कट."

मेविस बागेतल्या खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाई ब्रेंडाकडे वळून म्हणाल्या, "ही कुठेही जात नाही. सात नंबर हिचाच." मग चष्मा पुसत पुसत दारापर्यंत गेल्या.

"मेविस, मी फक्त तुमची स्मरणशक्ती तपासत होते. तीन शब्द नुसते म्हणून दाखवायचे होते."

मेविस म्हणाली, "डार्लिंग, शेवटच्या सीनला तीन शब्द मिळाले, ते नुसते कसे म्हणू? आजवर मला तिथपर्यंत कोणी जिवंतच ठेवलं नव्हतं!"